तिसरा कप्पा

खापरीच्या डेपोत, टँकरांच्या रांगेमागे,
कुंपणाला लागून एक खड्डा आहे.
वर लोखंडी जाळी, जाळीला पिवळा रंग,
तो दर दिवाळीला आम्हीच मारतो.
पाहुणे आले की त्यांना टाक्या दाखवतात,
पांढऱ्या, उंच, अंगाभोवती जिना गुंडाळलेल्या.
हा खड्डा कुणी दाखवत नाही.

माझी पहिली ड्यूटी मे महिन्यातली. शेहेचाळीस डिग्री.
नंदेश्वरकाकांनी गेटवरच अडवलं.
"हे ओढणी काढून ठेव. नायलॉन हाय.
उद्या सुती घालून ये.
चावते हे. तुलेच नाई, आमाले सगळ्यायले."

मग हातात तांब्याची क्लिप दिली,
अंगठ्यावर वळ उठेल इतकी कडक स्प्रिंग.
"टँकर लागला का पयले हे लाव.
आधी माती, मंग तेल.
डायवर शिव्या देवो, बायको दवाखान्यात हाय म्हनो,
आधी माती."

मी वहीत लिहून घेतलं.
त्या वहीची चार पानं डिझेलनं पारदर्शक झालीत,
मागचं लिहिलेलं पुढून वाचता येतं, उलटं.

दांडीच्या टोकाला बोटभर पेस्ट लावून
ते ती टाकीच्या तळापर्यंत सोडायचे.
वर आली की खालचा इंचभर लाल.
"एवढं पानी. वरून इचारलं तं तेल कबूल करत नाई."

खड्ड्याच्या पहिल्या कप्प्यात गाळ बसतो,
वाळू, कडुलिंबाची पानं, एकदा चपलेचा अंगठा.
दुसऱ्यात तिरप्या पत्र्यांची चळत.
मी विचारलं, मोटर कुठंय?
"मोटर काहून पायजे? उतार हाय. वेळ हाय."
पत्र्याच्या पोटाला थेंब चिकटतो, मोहरीएवढा.
दुसरा येऊन त्याला लागतो. मग आणखी.
वाटाण्याएवढा झाला की
सरकत सरकत वर निघतो.
"पान्याले घाई झाली का तेलबी त्याच्यासंग पळते.
हळू जाऊ दे. आपल्यानंच सोडतेत एकमेकाले."

माझ्या मावशीच्या फारकतीला नऊ वर्षं लागली.
मला ते आठवलं. काकांना बोलले नाही.

तिसऱ्या कप्प्यात नुसतं पाणी, आणि एक बेडूक.
काका त्याला इन्स्पेक्टर म्हणायचे.
"हा हाय तोवर कागदाची गरज नाई.
कागद भरायचाच, तो भाग येगळा."

ऑगस्टातल्या एका रात्री, सव्वादोनला,
होजचं कपलिंग निसटलं.
आधी वास आला, मग आवाज, मग कुणीतरी ओरडलं.
पावसात काँक्रीटवर इंद्रधनुष्य पळत होतं,
इतकं देखणं की अर्धा क्षण मी बघतच राहिले.
लाल बादल्यांतली वाळू, भिजलेली, जड.
कुणी इंजिन चालू करू नका, कुणी करू नका.
मी बाहेरच्या व्हॉल्व्हकडे धावले.
चाकाच्या अठरा फेऱ्या. अकरावीला ते अडलं.
गंजलं होतं, ग्रीस माझ्या यादीत होतं, मागच्या सोमवारी.
काका आले, ओलं गोणपाट चाकावर टाकलं,
चार हातांनी उरलेल्या सात.
कुंपणापलीकडे नाल्याकाठी
धनराज बोपचेच्या म्हशी बसलेल्या होत्या.
एकही उठली नाही.

सकाळी दुसरा कप्पा गुळाच्या काकवीसारखा.
सहा ड्रम भरले. तिसऱ्याचा नमुना पास झाला,
आकडा इतका छोटा की साहेबांनी तो मोठ्यानं वाचला.
बेडूक मात्र नव्हता.
काकांनी जाळी दोनदा उचलून पाहिलं
आणि रिपोर्टवर सही करताना पेन थांबवलं.
ग्रीसबद्दल एक शब्द नाही.
डबा तेवढा माझ्या लॉकरसमोर ठेवलेला,
झाकण उघडं.

ऑक्टोबरात ते निवृत्त झाले. भाषण केलं नाही.

आता उमरेडचा एक पोट्टा आलाय,
टेरिकॉटची चकचकीत पँट घालून.
मी त्याला गेटवरच अडवलं.
संध्याकाळी जाळी उचलली, आतली काळोखी दाखवली,
टॉर्च, ठिणगी न पडणारा, त्याच्याच हातात दिला.
तिसऱ्या कप्प्यात डुबुक झालं.
"मॅडम, काय होतं ते?"
दिसलं मलाही नव्हतं.
म्हटलं, आधी कागद भर.